बॅनरवरचं नाव

चाळीत कुणाच्या अंगात आलं की बायका हळदकुंकू घेऊन धावायच्या आणि मी भात खाली लागेल म्हणून घरी परतायचे. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे हे तोंडाने कुणाला सांगणं मला जमणार नाही. वहीत लिहितेय.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीत राहतो. माझी थोरली जाऊ शेवंतीआक्का आणि मी, दोघींनी अठरा वर्षं घरून अळूवड्या विकल्या. म्हणजे केल्या मी, विकल्या तिने. दारात गिऱ्हाईक आलं की मी आत पळायचे. ती ओरडायची, "धाकले, भायर ये गो! कोण खाऊक बसला नाय तुका." लोकांना वाटायचं, वड्या तिच्याच हातच्या. मला ते बरंच वाटायचं... खरंच.

गेल्या वर्षी आक्का गेली. ऑर्डरी बंद झाल्या. मग माझ्या लेकीने, पूर्वाने, मुलुंडच्या एका प्रदर्शनात परस्पर टेबल घेतलं.

"आई, बॅनरवर तुझं नाव टाकते."

"अजिबात नाही. आक्काचं टाक."

"मोठीआई नाहीये आता. शेवंती कोण विचारलं तर काय सांगशील?"

"तू सांग."

"मी ऑफिसला असणार गं! तुलाच उभं राहायचंय."

"मग नकोच ते टेबल."

शेवटी तीच कंटाळली. "बरं बाई, मोठीआईचं तर मोठीआईचं. तू ये तरी."

तिच्या जुन्या लॅपटॉपवर फोटोचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात बॅनर करायला बसली. मी शेजारी अळूच्या पानांच्या शिरा काढत होते. ती समजावत होती — खाली पिवळा रंग, त्याच्यावर वड्यांचा फोटो, त्याच्यावर अक्षरं. प्रत्येकाचा थर वेगळा. मी म्हटलं, "म्हणजे पानावर पान." ती हसली. "हो, फक्त बेसन नाही." प्रत्येक थरापुढे बारीकसा डोळा असतो. तो मिटला की तो थर दिसत नाही, पण आत असतो.

मराठी अक्षरं मात्र काही केल्या नीट येईनात. 'वहिनी'तली वेलांटी 'ह' सोडून 'न'वर जाऊन बसायची, 'च्या'चे दोन तुकडे व्हायचे. "वाट लागली माझ्या डोळ्यांची," म्हणून तिने 'शेवंतीवहिनींच्या घरगुती अळूवड्या' तसंच मोडकं ठेवून लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने तो माझ्यासमोर उघडला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आई, हे काय केलंस?"

आक्काच्या नावापुढचा डोळा मिटलेला होता. त्याच्यावर एक नवा थर होता... 'धाकलीच्या अळवड्या', आक्का बोलायची तसंच. एकही वेलांटी, एकही जोडाक्षर मोडलेलं नव्हतं.

मला तो लॅपटॉप सुरूसुद्धा करता येत नाही. मी उलट तिलाच रागावले, "माझी मस्करी करतेस?" तिचे डोळे भरून आले. "तुझी शपथ आई. हे टाईप केलेलंच नाहीये, बघ, अक्षर बदलताच येत नाही. आणि असा फॉन्ट माझ्याकडे नाहीच." फाईल त्याच दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सेव्ह झालेली दिसत होती. त्या लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलीय, चार्जर लावल्याशिवाय तो सुरू होत नाही. चार्जर दिवसभर पूर्वाच्या बॅगेत, तिच्या अंधेरीच्या ऑफिसात होता. दुपारी तीनला मी घरात एकटी, वड्या वाफवत होते. लॅपटॉप कपाटावर होता. मी काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. भीतीही वाटली नाही... फक्त खूप दिवसांनी मला कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं.

पूर्वाने हळूच विचारलं, "पुसू का?"

मी म्हटलं, "राहू दे."

तिने ऑफिसातल्या दोन हुशार मुलांना ती फाईल दाखवली. एक म्हणाला बिघाड, दुसरा म्हणाला तुम्हीच विसरलात. आक्का मला काय हाक मारायची हे बिघाडाला कसं कळलं, ते दोघांनाही सांगता आलं नाही. मलाही आजपर्यंत कळलेलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी मी त्या बॅनरखाली मान खाली घालून उभी होते. चष्मा लावलेल्या एका बाईंनी वडी तोंडात टाकली, वर वाचलं आणि विचारलं, "छान आहेत हो! धाकली कोण?"

टेबलामागे लपायला जागाच नव्हती. तशी ती मी शोधलीही नाही.

"मी," म्हटलं. "मीच करते. अठरा वर्षं झाली."