मुखपृष्ठावरची शेवंतीवाली

मार्गशीर्षातला बुधवार होता. मोर्णा नदीवरून उठलेलं धुकं शेवंतीच्या वाफ्यांवर असं बसलं होतं की शेताच्या कडेला, धुऱ्यावर असलेलं बोरीचं झाडसुद्धा दिसत नव्हतं. पंचफुलाबाई ओचा खोचून, टोपलं काखेत धरून नुसती उभी होती. दव उतरल्याशिवाय शेवंतीला हात लावायचा नाही, हा तिचा नेम. ओलं फूल टोपल्यात दाबलं की दुपारपर्यंत काळं पडतं, आणि गुरुवारच्या पूजेला काळं फूल अकोल्याच्या जुन्या शहरात कोणी हातात धरत नाही. उन्हाची तिरीप वाफ्यावर आली तशी ती वाकली. अंगठा आणि दोन बोटं, देठाला हलकासा पीळ, फूल टोपल्यात. सत्तराव्या वर्षीही तिचं टोपलं सगळ्यांआधी भरायचं.

"आज जरा घाई करा, जाऊबाई," पलीकडच्या ओळीतून केशरबाई म्हणाली. ती धाकट्या दिराची बायको. "मुंबईच्या पाहुण्या येऊन राहिल्या. फोटूतल्या बाईनं चिखलाच्या पायानं भेटाव का त्याइले?"

"त्याइले माहे पाय काढाचे नाहीत," पंचफुलाबाई म्हणाली.

केशरबाई हसली. पंचफुलाबाई हसली नाही. आठ दिवसांपासून तिला नीट जेवण गेलं नव्हतं.

सत्तेचाळीस वर्षांमागे याच वाफ्यावर सहदेव मास्तर सायकलवर यायचे. अकोल्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. शेवंतीचं टोपलं मांडीवर घेतलेली माळ्याची बाई त्यांनी रंगवली आणि ती एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर छापून आली. अंक बंद पडला, मास्तर गेले. मूळ चित्र मात्र अंकाच्या मालकाच्या नातवाच्या कपाटात निघालं आणि आता मुंबईत लिलावाला लागलं होतं. अमरावतीला दिलेल्या पुतणीच्या, मायाच्या, पोरीनं, आरतीनं, ते मोबाइलवर पाहिलं. खाली लिहिलं होतं, 'अनाम स्त्री'. माया म्हणाली, अनाम कायची, ही त माही मोठीमाय. तिनंच कंपनीला फोन लावला. चित्रातली बाई जिवंत आहे म्हटल्यावर कंपनीवाले हरखले. लिलावाच्या दिवशी तिला चित्राशेजारी बसवायचं ठरलं. त्याआधी तिच्या सहीचा कागद हवा होता.

दहाच्या सुमारास गाडी धुऱ्याशी थांबली. आधी माया उतरली, नवं पातळ नेसून. मागून लिलाव कंपनीची रागिणी, खांद्याला लांब नळकांडं अडकवलेलं. मुंबईला राहत असली तरी मूळची अमरावतीचीच, म्हणून वाकून पाया पडली.

"मी राजापेठची, आजी. तुमच्या भाचीनं फोन केला नसता तर हे चित्र नावाशिवायच विकलं गेलं असतं."

"भाची नाही, पुतणी," माया म्हणाली. "अन् पुतणी कायची, पोरगीच म्हणा. दीड महिन्याची होती मी, तवापासून हिच्याच मांडीवर वाढली. माही आई माह्या बाळंतपणातच गेली."

मळ्यातल्या खोपडीपुढच्या बाजेवर रागिणीनं नळकांड्यातून चित्राची छापील प्रत काढून पसरली. मूळ चित्राएवढीच मोठी होती. चार कोपऱ्यांवर चार माळा ठेवल्या, तेव्हा ती सपाट झाली.

पंचफुलाबाई बाजेशेजारी बसली आणि पाहू लागली.

अंकावर रंग फाकले होते. तिथं नाकाच्या जागी नुसती सावली होती. इथं सगळं होतं. खालचा ओठ जरा पुढं, कानाची पाळी मोठी, एक भुवई चढलेली. आता काही तरी टोचून बोलणार, अशी. समोर माया उभी होती. तोच कान, तोच ओठ. फरक एवढाच, की चित्रातली वीस वर्षांची होती आणि माया सेहेचाळीस.

"गोंदण पाहा ना, ताई," केशरबाई रागिणीला दाखवत होती. "मनगटावर तुळस अन् चार ठिपके. हे तेल्हाऱ्याकडचं गोंदण हाय. जाऊबाईचं माहेर तेल्हारा. दाखवा न हात."

रागिणीनं दोन्ही मनगटांचा फोटो घेतला. मग म्हणाली, "एक विचारू आजी? चेहरा किती जिवंत आहे, पण हात... म्हणजे बोटांत फूल आहे, पण फुलाचं वजन बोटांवर दिसत नाही. मास्तरांसारख्या माणसाचं असं कसं झालं असेल?"

पोरगी हुशार आहे, एवढं पंचफुलाबाईच्या मनात आलं.

मग कागद आला. रागिणीनं वाचून दाखवला. चित्रातली स्त्री ती मीच, असं दोन ओळींत होतं. पंचफुलाबाईला सही येत होती. सासरी आल्यावर खुशालरावानं, तिच्या नवऱ्यानं, पाटीवर शिकवली होती. तिनं पेन हातात घेतला. नाही म्हणणारं आता कोणी राहिलं नव्हतं. खुशालराव गेला, दीर गेला, मास्तर गेले. मनगटावरचं गोंदण खरं होतं. 'पं' लिहून झाला.

"हात माहे हायेत," ती म्हणाली. "तोंड माहं नाही."

कोणाला काही कळलं नाही.

"माये, हे तुही आई हाय. माणिक."

मग तिनं सांगितलं. फुलं तोडते तसं, एकेक. मास्तर आले तेव्हा माणिकला तिसरा महिना होता. तोंड काढून झालं आणि तिला उलट्या सुरू झाल्या. टोपल्याचा वास सोसेना. मास्तर म्हणाले, बरी झाली की हात काढू. ती मूर्तिजापूरला माहेरी गेली आणि आषाढात तिकडून नुसती तान्ही माया आली. श्रावणात मास्तर चित्र घेऊन दारात उभे. अंकवाले घाई करत होते. तेव्हा पंचफुला बसली. श्रावणात शेवंती कुठली? रिकाम्या टोपल्यात हात धरून बसली. फुलं मास्तरांनी मनानं काढली.

"मग ते तुमचंच चित्र असं कधी झालं?" रागिणीनं हळू विचारलं.

पंचफुलाबाईनं केशरबाईकडं पाहिलं. केशरबाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात माणिकच्या नावाचा चांदीचा टाक होता. पहिली वारली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक घालायचा, ही घराची रीत. त्या टाकाला नाक ना डोळे. सोनार सगळ्या मेलेल्या बायका एकाच साच्यातून काढतो. टाकात तिला बसवली म्हणजे ती शांत झाली, मग तिची दुसरी खूण नवरीच्या डोळ्यांसमोर ठेवायची नाही, असं समजत.

"फागुनात तू आली," पंचफुलाबाई केशरबाईला म्हणाली. "अंकाचं ते पान मी चुलीच्या वरच्या भिंतीले खळीनं चिकटवलं होतं. चवथ्या दिवशी तू इचारलं, हे कोण. माणिक म्हटलं असतं त पान मोर्णेत सोडा लागलं असतं. लेकराले आईचं तेवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, मी. गोंदण पाह्य. तुहा नवरा जेवून राहिला होता. त्याचा हात थांबला, अन् मंग त्यानं घास घेतला."

केशरबाई टाकावर बोट फिरवत राहिली. बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"गळ्यात वागवून राहिली न मी तिले. तापात काढला नाही, बाळंतपणात काढला नाही. भिंतीवर कावून नसती वागवली? मले इचाराचं त होतं एकडाव."

"तू नवी होती. भ्याली मी."

"नवी मी चार दिवस होती, जाऊबाई."

याला उत्तर होतं, आणि ते पंचफुलाबाईनं आजवर स्वतःलाही दिलं नव्हतं. गल्लीतल्या बाया यायच्या, भिंतीकडं पाहायच्या, म्हणायच्या, काय रूप होतं हो तुमचं. पहिल्यांदा तिला चटका बसायचा. मग नुसतं बरं वाटायला लागलं. वीस वर्षांमागं घर बांधलं तेव्हा भिंत पडली, पान गेलं, पण बोलणं राहिलं.

"मंग मले आवडाले लागलं," ती म्हणाली. "दुसरं काही नाही."

माया इतका वेळ उभीच होती. आता बाजेशी आली, प्रतीवर वाकली. हात लावला नाही.

"लग्नाच्या दिवशी मी त्या पानापुढं केस इचरत होती," ती म्हणाली. "तू मागं उभी होती, मोठीमाय. यणी तूच घातली. तवा सांगाचं. पाया पडली असती मी तिच्या."

पंचफुलाबाईनं कोपऱ्यावरची सरकलेली माळ नीट केली.

रागिणीनं कागद घडी करून ठेवला. "नाव माणिकबाईंचं लिहिते. हात कोणाचे तेही लिहीन. चेहऱ्याचं आणि हाताचं गणित का जुळत नव्हतं, ते आता कळलं."

"तुमच्या कागदात बसत असन त लिवा," पंचफुलाबाई म्हणाली. "अन् मुंबईले मी येत नाही. येऊन काय करू?"

"हे कोणाच्या घरी जाईन?" मायानं विचारलं.

"ज्याची बोली वर जाईल त्याच्या."

"त्याले मालूम राहीन न, हे कोण हाय ते?"

"चित्रासोबतच्या कागदावर राहील. मूर्तिजापूर, अकोला, सगळं लिहिते. ही प्रत तुम्ही ठेवा."

मायानं चार कोपऱ्यांवरच्या माळा एकेक उचलल्या. प्रत आपसूक गुंडाळली गेली. ती तिनं पदराखाली धरली आणि गाडीकडं गेली. चार पावलांवर थांबली. मागं न पाहता विचारलं, "बोले कशी?"

"फाडफाड," पंचफुलाबाई म्हणाली. "कोणाचं ठिवत नव्हती. मले त एक दिवस सोडलं नाही तिनं."

माया गाडीत बसली, मागोमाग रागिणी. केशरबाई टोपलं उचलून बाजाराच्या वाटेला लागली, एकटीच.

विहिरीवरची मोटर घरघरली. लाइन आली होती. तीन तासांत जाणार. पंचफुलाबाई उठली, खोपडीला टेकलेलं फावडं घेतलं, आणि पाटाचा दांड फोडून पाणी तिसऱ्या वाफ्यात सोडलं.