सहावी चौकट

कचरू मिस्त्रींच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजव्यात त्यानं नुकतंच बस्तान बसवायला घेतलं होतं. अख्ख्या भावसिंगपुऱ्यात ही गोष्ट एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द कचरू मिस्त्री. निदान त्यांची तशी समजूत होती.

साठी ओलांडलेल्या माणसाला मोतीबिंदू झाला, तर त्यात लपवायचं काय? पण ज्याचं पोट रंगावर चालतं त्याची गोष्ट निराळी. चितेगावच्या एका कारखान्यात मिस्त्रींनी सव्वीस वर्षं धातूला धातू जोडला. नोकरी संपल्यावर घराला लागूनच पत्र्याचं दुकान टाकलं. गॅसची बत्ती, सांधा जोडायला चांदी मिसळलेल्या डाखाची काडी, डाख नीट पसरावा म्हणून टाकणखाराची डबी, झाला संसार. पितळ तापवायचं, त्याचा रंग बघायचा आणि नेमक्या क्षणी काडी टेकवायची, एवढीच विद्या. घाई केली तर डाख धरत नाही, उशीर केला तर पितळच पाघळतं. आणि इथं तर गेले काही महिने मिस्त्रींना सगळे लाल रंग सारखेच दिसत होते. मागच्याच महिन्यात विहारातला मेणबत्त्यांचा पितळी स्टँड त्यांच्या हातून वितळला. तेव्हा "गॅसच खराब हाय," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

अशा माणसानं नाजूक काम आलं की सरळ हात जोडावेत. पण मिस्त्री पडले हट्टी, आणि काम आलं ते असं.

शिवराज नावाचा तरुण सोयगावकडच्या मोठ्या जमीनदार घरातला. शेंद्र्याच्या रस्त्यावर त्यानं हॉटेल काढलं होतं आणि पणजोबांचं बिलियर्ड्सचं टेबल तिथं मांडायचं मनात घेतलं होतं. टेबलाच्या सहा भोकांना सहा पितळी चौकटी असतात, घोड्याच्या नालेसारख्या वाकलेल्या; चेंडू त्यातून खाली जाळीत पडतो. पाच चौकटी नुसत्या काळवंडल्या होत्या. सहाव्या चौकटीचा, जिथून स्क्रू जातो तो कानच तुटला होता. तशी ओतीव चौकट आता कुठं मिळत नव्हती, आणि तीन कारागिरांनी ती हातात घेऊन परत दिली होती.

मिस्त्रींचा बाप शिवराजच्याच गावचा. त्यानं हे टेबल पाहिलं होतं ते खिडकीबाहेर उभं राहून. आत जायची त्याला सोय नव्हती. त्या टेबलाचं पितळ आज मोटारीत बसून आपल्या दारात आलं, हे पाहून मिस्त्रींचा ऊर भरून आला आणि तोंडातून "होईल" निघून गेलं. एकदा निघालेला शब्द मागं घेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

पाच चौकटी त्यांनी चिंचेनं घासून, बफच्या फिरत्या चाकावर चमकवून अशा काढल्या की बघत राहावं. त्या कामाला डोळा लागत नाही, बोटांना कळतं. सहावी मात्र त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत ढकलली. मधल्या काळात ते भंगारातल्या पितळेच्या तुकड्यांवर लपूनछपून सराव करत होते. रंग दिसत नाही तर आकडे मोजायचे, एकशे चाळीसला काडी टेकवायची. पाच तुकड्यांपैकी दोन साधले, तीन वितळले. हे काही शुभलक्षण नव्हतं, पण मिस्त्री त्या दोनांवर भिस्त ठेवून होते.

शनिवारी भर दुपारी शिवराज आला. दुसऱ्या दिवशी टेबल जोडायचं होतं.

"मिस्त्री, मी थांबतो इथंच. बघायचंय मला."

"बघा की भाऊ," ते म्हणाले आणि त्यांनी शटर खाली ओढलं. उजेडात तापल्या धातूचा रंग कळत नाही, म्हणून हे काम अंधार करूनच करतात. घरात जायच्या दारातून पारूबाई चहा घेऊन आली आणि कप ठेवून तिथंच भिंतीला टेकली. लग्नाच्या पहिल्या वर्षांत, कारखान्याची नोकरी लागायच्या आधी, गावाकडं तिनंच नवऱ्याचा भाता ओढला होता.

मिस्त्रींनी तुटका कान तारेनं जागेवर बांधला, सांध्याला टाकणखार माखला आणि बत्ती पेटवली. एक, दोन, तीन. ज्योत चौकटीवर फिरायला लागली. साठ. ऐंशी. कपाळावरचा घाम भुवईवर येऊन थांबला. एकशे दहा. एकशे अकरा.

शिवराजचा फोन खणाणला.

"हां, बोल. नाही, काम चालूय," तो कुजबुजला आणि फोन बंद केला. एवढ्यात मिस्त्रींचे आकडे सांडले. एकशे पंधरा झाले की पंचवीस? त्यांनी डोळे ताणले. समोर नुसता लाल धूर तरंगत होता. काडी टेकवली तर ती कडकच राहिली. म्हणजे कमी तापलं. की काडी भलत्याच जागी टेकली? आणखी तापवलं तर वस्तू कायमची जाईल, थांबवून पुन्हा तापवलं तर टाकणखार जळून सांधा खराब होईल. आयुष्यात इतकी भीती मिस्त्रींना कधी वाटली नव्हती.

पाहुण्यासमोर नवऱ्याची लाज जाईल, म्हणून पारूबाईनं पदर तोंडात धरला होता.

"पारू," मिस्त्रींनी हाक मारली. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "रंग सांग. मला दिसंना."

पारूबाई दोन पावलांत शेजारी आली. "काळपटच हाय अजून. डावं अंग जास्ती तापलंय. बत्ती उजवीकडं घ्या."

ज्योत सरकली.

"तांबूस व्हायलं... थांबा, घाई नगं... डाळिंबी झालं. आता! टेकवा!"

बोटांखालची काडी लोण्यासारखी मऊ झाली आणि सांध्यात ओढली गेली.

"काढा, काढा! गाजरासारखं व्हायलंय!"

मिस्त्रींनी बत्ती मागं खेचली आणि बंद केली. पितळ हळूहळू निवलं. मग शिवराजनं शटर वर केलं. चौकट शाबूत होती. कान जागच्या जागी होता.

"तुम्हाला दिसत नाही?" शिवराजनं विचारलं.

"नाय."

"आणि तरी घेतलंत हे काम? ही गेली असती तर कुठून आणली असती मी?"

"कुठूनच नाय. चुकलं माझं. पहिल्याच दिवशी सांगायला पायजे होतं."

शिवराजचा चेहरा रागानं लाल झाला होता, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं कान दाबून, हलवून, खिशातला स्क्रू घालून पाहिला. सहाही चौकटी टॉवेलात बांधल्या. मोटारीशी जाऊन तो परत फिरला. मिस्त्रींकडं न बघता म्हणाला, "मावशी, जोड चांगला झालाय." आणि गेला.

मिस्त्री स्टुलावर बसले. चहा निवून त्यावर साय धरली होती.

"लई भ्या वाटलं गं," ते म्हणाले. "पर तू लगेच कशी आलीस? इचारलं बी नाय, डोळ्याला काय झालं म्हणून."

"सात महिने झाले," पारूबाई म्हणाली. "तुम्ही बत्ती पेटवली की मी तवा उतरवून दारात येऊन उभी ऱ्हाते. हातबीत भाजला, काय पेटलं, तर जवळ कुणी असावं."

"मग बोलली का नाय?"

"बोलले असते तर दार लावून घेतलं असतं तुम्ही."

मिस्त्रींनी निवलेला कप बाजूला सारला. मग त्यांनी विचारलं, "रोज?"

"रोज."

त्यांनी दाराच्या दिशेनं मान वळवली. ती सात महिने उभी राहिली ते दार स्टुलापासून अवघ्या चार हातांवर होतं.