पिसं मोजणारे अंकल

“गंमत करायची असेल तर पिसं खरी हवीत,” असं अंकल म्हणायचे, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर गमतीचा मागमूस नसायचा.

ते आमचे सिडनीतल्या स्कोफिल्ड्सचे शेजारी. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण. मूळचे वसईचे, जन्मभर एका मेडिकल कॉलेजात हाडांची आणि स्नायूंची चित्रं काढून रिटायर झालेले. आंटी गेल्यावर मुलाकडे आले. मुलगा हॉस्पिटलात नर्स.

राणी व्हिक्टोरियाच्या काळातला एक इंग्रज हे त्यांचं दैवत. तो म्हणे जिवंत पोपट समोर ठेवून एकेक पीस काढायचा, खुद्द राणीला चित्रकला शिकवायचा, आणि शिवाय पाच ओळींच्या अर्थहीन कविता लिहून त्यांना वेडीवाकडी माणसं काढायचा. लोकांना फक्त ती माणसं आठवतात, याचा अंकलना सख्ख्या भावाचा अपमान झाल्यासारखा राग होता. पोपट काढणारा हात होता म्हणून तो वेडेपणा साधला, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतःही दोन्ही करायचे. गमतीच्या चित्राखाली पाच ओळी. खऱ्या चित्राखाली काही नाही.

लॉकडाऊन लागला, पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आली, आणि गल्लीतल्या मराठी घरांच्या लेटरबॉक्समध्ये कविता पडू लागल्या. मला आलेली ही:

स्कोफिल्ड्सच्या बाईंनी शिवला मास्क मोठा,
आत मावले नवरा, सासू, म्हशीसकट गोठा;
लोक म्हणाले, “अहो, श्वास?”
बाई म्हणाल्या, “आधी घास,”
आणि आत उघडला आणखी एक कोठा.

वर मास्कमधून डोकावणारी म्हैस होती, पापण्यांच्या केसांसकट. मी पुण्याला फोन करून सासूबाईंना वाचून दाखवली. मला गोठ्याशेजारी का बसवलं, एवढंच त्यांनी विचारलं. मी हसून हसून बेजार झाल्याचं अंकलना सांगितलं, तर ते म्हणाले, शिंगांचा बाक बरोबर आलाय का ते बघ.

तुम्ही सिडनीत राहत असाल तर काकाकुवे कचऱ्याच्या बिनचं झाकण कसं उघडतात ते पाहिलं असेल. चोचीने उचलतात, कडेवरून चालत जातात आणि आपली खरकटी रस्त्यावर मांडतात. आम्ही झाकणावर वीट ठेवली. अंकल येऊन गंभीरपणे म्हणाले की वीट काढावी, त्यांचं मॉडेल येईनासं झालंय. नवऱ्याने तीन आठवडे रस्ता झाडला, आणि कोणासाठी झाडतोय ते मला रोज ऐकवलं.

एका सकाळी ते कागद घेऊन कुंपणाशी उभे राहिले. मोतीबिंदू वाढला होता. तातडी नसलेली ऑपरेशन्स पुढे ढकलली होती. मुलाला त्यांनी सांगितलं होतं की अजून छान दिसतं. तो दोन-दोन शिफ्ट करून घरी यायचा, गॅरेजमध्ये एकटा झोपायचा; त्याच्या डोक्याला आणखी घोर नको. मलाही बोलायचं नाही असं बजावलं. त्यांना एक काकाकुवा पुरा करायचा होता, खरा. मी बघायचं, त्यांनी काढायचं.

पहिल्या दिवशी माझ्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता. तुऱ्यात पिसं किती, असं त्यांनी विचारलं. मी अंदाजाने “आठ” म्हणाले.

अंकलनी पेन्सिल खाली ठेवली.

“बाय, नॉनसेन्स मी लिहितो. तू खरं सांगायचं.”

मी कॉल बंद केला आणि मोजली. सहा होती. पुढे महिनाभर मी खरंच सांगत राहिले. चोचीचा बाक, नखांचा रंग, डोळ्याभोवतीची फिकट कातडी. माझ्याच घरावर रोज बसणारा पक्षी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

चित्र झाल्यावर त्यांनी ते कुंपणावरून माझ्यापुढे धरलं. पिसं होती सहाच, पण तुरा मानेवर उगवला होता आणि डोळा चोचीत गेला होता.

“कसं झालंय?”

“हुबेहूब,” मी म्हणाले.

त्यांनी कोपऱ्यात सही केली, जवळजवळ कागदाच्या बाहेर. इतका आनंदी माणूस मी त्या वर्षात दुसरा पाहिला नाही, आणि मला स्वतःची लाज वाटली.

लॉकडाऊन उठायच्या आधी अंकल झोपेतच गेले. चर्चमध्ये दहाच माणसांना परवानगी होती. आम्ही बाकीचे स्क्रीनवर. मुलाने ते चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. सगळ्या चौकोनांमधली माणसं डोळे पुसता पुसता हसली. टिपिकल अंकल, असं कोणीतरी म्हणालं. माझा माइक बंद होता. मी तो बंदच राहू दिला.

आठवड्याने मुलगा चित्र घेऊन कुंपणाशी आला.

“याच्या खाली पोएम राहिलीये. तुला त्यांची स्टाइल माहितीये. पाच ओळी लिहिशील?”

“नको,” मी म्हणाले. “हे खरं चित्र आहे.”

त्याला आधी समजलं नाही. मग त्याने कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

“इतकं कमी दिसत होतं?” त्याने विचारलं.

मी हो म्हणाले.