काहूनताई

जरीपटक्यातल्या आमच्या शिकवणीत पहिल्या बाकावर एक चाळिशीची बाई बसायची. सरांनी फळ्यावर नियम लिहिला रे लिहिला की 'का' ते विचारायला तिचा हात वर. "सर, काहून?" आठवड्याभरात तिचं नाव पडलं, काहूनताई. तिच्या कानावर गेलं तेव्हा हसली. "बरं हाये. नाव तरी ध्यानात राहीन."

ताई ब्लाउज शिवायची. लग्नाआधी दहावीला गणितात नापास झाली आणि पुस्तक सुटलं ते सुटलंच. आता लेक कॉलेजात गेल्यावर तिने पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला होता. शिवणाचा सरकारी कोर्स करून मुलींना शिकवायचं होतं, त्याला दहावी लागत होती. मी तिच्या शेजारी बसून बँकेच्या परीक्षेसाठी तेच गणित घोटत होते.

घातांकांपाशी गाडी अडली. दोनाचा शून्यावा घात एक, सरांनी लिहिलं.

"सर, दोन एकदाबी नाही घेतला, मंग एक आला कुठून?"

"ताई, परीक्षा तोंडावर आली. पाठ करा."

"समजल्याशिवाय पाठ होत नाही मले."

दुसऱ्या दिवशी ती अस्तराचा तुकडा घेऊन आली. बाकावर घड्या घालू लागली. "एक घडी, दोन थर. दोन घड्या, चार. तीन घड्या, आठ. आता उलटं पाह्य." एकेक घडी उलगडत गेली आणि शेवटी कापड नुसतं पसरलेलं उरलं. "घडी शून्य. पण कापड एक हायेच ना वं?" मग तीन घड्यांवर आणखी दोन घातल्या. "घड्या तीन अन् दोन पाच, थर आठ चोक बत्तीस." गुणाकारात घातांकांची बेरीज का होते, ते मलाही तेव्हाच दिसलं. सर खडू धरून पाहत होते. म्हणाले, "उद्यापासून मी असंच शिकवीन."

तरी ताई नापास झाली. घातांक सुटले, भूमितीने घात केला. त्याच आठवड्यात माझाही निकाल लागला, तोही तसाच. नरखेडला परत जायचं ठरवून मी सरांचा निरोप घ्यायला गेले, तर ताई बाकावर पुस्तक उघडून बसलेली. डोळे सुजलेले.

"गावाले चालली? जाय. पण हे वर्तुळाचं प्रमेय मले कोण सांगन?"

मी बसले. प्रमेय संपलं तोवर बस निघून गेली होती. मग मी गेलेच नाही.

पुरवणी परीक्षेत ताई पास झाली. वर्षभराने मलाही बँकेत नोकरी लागली. कोर्स संपवून ती खाप्याला गेली, तिथे शिवणवर्ग काढला. परवा तिचा फोन आला. वर्गातल्या दोन मुली दहावीला बसल्यात आणि ती स्वतः बारावीला.

"गणित घेतलं का ताई?"

"तेच त घेतलं आधी."