बायकांसाठी खाट नाही

हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात ताईच्या हाताला तोड नव्हती. डॉक्टरांचे पांढरे कोट ती असे इस्त्री करायची, की कॉलरवरून बोट फिरवलं तर कापेल. त्या वाफेच्या खोलीत उभं राहून राहून तिची कंबर गेली. नवरा आधीच गेला होता, दुसरीच्या घरी. सोबतची एक बाई म्हणाली, "झोपताना घोटभर घे, बरं वाटतं." ताईने घेतली. बरं वाटलं.

आधी झोपताना, मग जेवणाआधी, मग कामावर निघण्याआधी. हात थरथरू नयेत म्हणून प्यायची आणि उतरली की हात आणखी थरथरायचे. एकदा गरम इस्त्री कोटावर तशीच राहिली आणि खोलीभर धूर झाला. नोकरी गेली, नोकरीबरोबर राहायची खोलीही गेली.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. आई लवकर वारली, त्याला ताईनेच लहानाचा मोठा केला. तो तिला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आला. बायको मनाने चांगली होती, पण चांगुलपणालाही तळ असतो. एक दिवस ताई दूध गॅसवर ठेवून ओट्याखालीच झोपली. दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास पसरला. आत तान्ही मुलगी पाळण्यात होती.

"अहो, वन्संना मी नावं ठेवत नाही," बायको खिडक्या उघडता उघडता रडत म्हणाली. "पण पोरीला काही झालं असतं तर? त्यांची कुठेतरी सोय करा."

भाऊ ताईला घेऊन सोय करायला निघाला. सरकारी व्यसनमुक्ती वॉर्डाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "बायकांसाठी खाट नाही."

"बायका पीत नाहीत का?"

"पितात हो. पण येत नाहीत. येत नाहीत म्हणून खाटा नाहीत."

"ही आलीये ना!"

"एकीसाठी वॉर्ड उघडत नाहीत, दादा."

तिथून ते महिला निवाऱ्यात गेले. व्यवस्थापिका बाई मायाळू होत्या, पण ताईच्या तोंडाचा वास येताच मागे सरकल्या. "प्यायलेली बाई आत घेता येत नाही. इथे लेकुरवाळ्या राहतात. दारू बंद करून आणा, मी स्वतः जागा देते."

भावाने बंद केली. बाटली मोरीत ओतली, दाराला कडी लावली, रजा काढून समोर बसला. दुसऱ्या दिवशी ताईला दरदरून घाम सुटला. भिंतीवरून मुंग्या चालतायत म्हणून ती पदराने भिंत पुसायला लागली. मग धाडकन पडली आणि आचके द्यायला लागली.

तातडीच्या विभागातली डॉक्टरीण त्याच्यावर खेकसली, "एकदम बंद करायला कोणी सांगितलं? माणसं मरतात अशाने!"

झटके थांबले, तशी तिथली खाटही रिकामी करायला सांगितली. डॉक्टरीण थोडी निवळली होती. "दुसऱ्या शहरात बायकांचा वॉर्ड आहे. तिथे नंबर लावते. तोवर पुन्हा एकदम तोडू नका. मी सांगते तेवढीच द्या, कमी कमी करत."

"म्हणजे मी आणून पाजायची?"

"तिला तिथपर्यंत जिवंत न्या," ती म्हणाली.

घरी नेणं शक्य नव्हतं. एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली होती, तिची किल्ली त्याच्याकडे असायची. पहारेकऱ्याचे पाय धरून त्याने ताईला तिथे ठेवलं. पलीकडे जाळीत मोटर घरघरायची, अलीकडे तिचं अंथरूण. ज्याने जन्मात थेंब चाखला नव्हता, तो कंपनीच्या गणवेशात दारूच्या दुकानापुढे उभा राहायला लागला. गल्लीत बोलणं सुरू झालं, "बहिणीच्या वळणावर गेला वाटतं."

पोरीच्या औषधाच्या झाकणाने तो मोजून द्यायचा. एकदा ताई हसली. "लहानपणी तुला मी असंच औषध पाजायचे. तू थुंकायचास."

"तूही थुंक ना, ताई."

तिचं हसू तिथेच विरलं. "भावड्या, मला सोडून दे रे कुठेतरी."

"कुठे सोडू? जिथे सोडायला नेलं, तिथे घेत नाहीत!" तो ओरडला आणि मग आपल्याच आवाजाला घाबरून दार लावून बाहेर उभा राहिला.

शेवटी त्या दुसऱ्या शहरात खाट मिळाली. बसमध्ये ती सारखी उतरू दे म्हणत होती. त्याने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं, की वळ उठले. वॉर्डातल्या सिस्टरने ते वळ पाहिले, पण विचारलं काही नाही.

पहिल्या भेटीत ताईने त्याला शिव्या घातल्या. नंतरच्या भेटीत तोंड फिरवून बसली. मग हळूहळू तिचा चेहरा पहिल्यासारखा दिसायला लागला. सुटल्यावर निवाऱ्याच्या बाईंनी शब्द पाळला, जागा दिली. ताई तिथल्या चादरी धुवायची, पोरांना न्हाऊमाखू घालायची. भाऊ देवाला विसरला होता, तो पुन्हा हात जोडायला लागला.

आणि एका दुपारी ती पिऊन आली. नियम तो नियम. बाईंनी रडत रडत तिचं बोचकं दाराबाहेर ठेवलं. भावाला कळलं तोवर ती निघून गेली होती. त्याने बसस्थानक, पुलाखालच्या जागा, दारूची दुकानं पालथी घातली. शवागारातही जाऊन आला.

फोन आला तेव्हा तो एका लिफ्टच्या टपावर बसून वायर जोडत होता. वॉर्डातली सिस्टर होती.

"तुमची बहीण इथे आहे. एकटीच बसने आली. पायरीवर बसलीये, आत घेतल्याशिवाय उठत नाही म्हणते."

"खाट आहे?"

"नाही. व्हरांड्यात गादी टाकलीये. पुढचं मला विचारू नका."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. ती पोरीच्या कपड्यांच्या घड्या करत होती.

"वन्संकडे अंगावर घ्यायला काही असेल का?" तिने विचारलं, आणि उठून कपाटातून आपली शाल काढली.