आत्याच्या लुगड्यातली नक्कल

दुसऱ्याचा आवाज काढणारं एखादं पोरगं प्रत्येक खानदानात असतंच. आमच्या खानदानात दुसऱ्याचं बसणं काढणारी पोरगी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडनेरच्या घरी सगळी चुलत भावंडं जमली की ही ओसरीवर आमच्याकडे पाठ करून बसायची आणि आम्ही ओळखायचं. एक खांदा खाली सोडला की शाळेचे हेडमास्तर. गुडघ्यावर कोपर आणि कोपरावर सगळ्या जगाचा भार दिला की तिचे वडील, म्हणजे आमचे नानाकाका. तोंड दिसायची गरजच पडत नसे. नाना आले की आम्ही पांगायचो. काकू मात्र, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघराच्या दारातून पाहून तोंडाला पदर लावून हसायची. पोरीचं शाळेतलं नाव संध्या. घरात तिला सगळे नक्कलच म्हणायचे, इतके की पुढे पेपरात संध्या या नावाआधी ‘ख्यातनाम छायाचित्रकार’ लागलं, तेव्हा ही कोण बाई हे आठवायला मलाच क्षणभर लागलं.

चित्रकला शिकायला ती आधी अमरावतीला गेली, तिथून मुंबईला. पण हातात ब्रशऐवजी कॅमेरा धरून परत आली. कॅमेरा तीन पायांवर उभा करायचा, समोर खुर्ची मांडायची आणि त्या खुर्चीत स्वतः बसायचं, पण दुसरं कोणीतरी होऊन. नानांचं धोतर-टोपी घालून नाना. शेजारच्या शिंपीकाकांची बंडी घालून शिंपीकाका. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाली, “दादा, मी कोण आहे तेच मला कळत नाही. ज्यांच्यात वाढले ते एकेक होऊन बघते.” मी पंचायत समितीत कारकून माणूस. मी कोण, हा प्रश्न मला गळ्यातलं ओळखपत्र घरी विसरलो तरच पडतो. मी मान डोलावली आणि चहा सांगितला.

तिची एक अट असायची. कपडे अंगावरून उतरवलेले हवेत, धुतलेले नकोत. “धुतलं की माणूस निघून जातो त्यातून,” असं तिचं म्हणणं. काकू कपाळाला हात लावायची. एकदा तिनं माझा नंबर लावला. माझा ऑफिसचा शर्ट, कॉलरवर दिवसभराची कमाई असलेला, घालून ती खुर्चीत बसली आणि मी पहिल्यांदा मला पाहिलं. एक हात पोटावर, एक पाय हलतोय, आणि नजर दाराकडे, आता कोणीतरी पाणी आणून देईल अशी. माझी बायको तो फोटो बघून इतकी हसली की तिला ठसका लागला. “तुमच्यापरीस ह्याच बऱ्या दिसतात तुमच्यात,” म्हणाली. तो फोटो पुढे परदेशातल्या कुठल्याशा भिंतीवर लागला. माझा पासपोर्ट अजून नाही, पण माझं पोट जाऊन आलं.

तिचं नाव झालं ते मात्र आत्यामुळे. आमची आत्या नानांची धाकटी बहीण. नांदायला गेली आणि वर्षाच्या आतच परत आली, ती कायमची. मागच्या खोलीत राहायची, सगळ्यांची बाळंतपणं काढायची, सगळ्यांच्या लग्नातले लाडू वळायची. पण मांडवात घरच्यांचा फोटो निघायची वेळ झाली की कोणीतरी हमखास म्हणायचं, “आत्या, तेवढं दूध पाह्यजा, उतू जाईन.” तिला जा असं कोणी कधी म्हटलं नाही. फक्त दूध पाहायला लावलं. आमच्या घरात जितकी लग्नं झाली तितके मोठे फोटो हॉलमध्ये टांगलेले आहेत. आत्या एकातही नाही. हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. नक्कलच्या आलं.

मग तिनं जिथं जिथं मांडव पडले होते तिथं तिथं खुर्ची नेली. अंगणात, शाळेच्या पटांगणात, पाहुण्यांच्या गावी दुसरबीडला. प्रत्येक ठिकाणी आत्याचं लुगडं नेसून आत्या होऊन एकटीच बसली. मी पांढरं थर्माकोल घेऊन उन्हात उभा, तिच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून. या क्षेत्रातलं माझं योगदान एवढंच. लुगडं नेसवायला आत्या स्वतः. निऱ्या घालताना तिचे हात नुसते पळायचे. “अशी नाई वं, गुडघा आत घे. मी कुठं अशी बसतो?” जन्मात पहिल्यांदा ती कोणाला तरी काही शिकवत होती, आणि विषय होता ती स्वतः. फोटो निघेपर्यंत ती कॅमेऱ्याच्या मागे उभी राहायची.

पहिल्यांदा पेपराच्या पुरवणीत त्यातला एक फोटो आला तेव्हा नानांनी घर डोक्यावर घेतलं. घरची लक्तरं मुंबईत नेऊन वाळत घातली, म्हणाले, आणि लेकीशी बोलणं टाकलं. मग नांदुऱ्याला भूमिकन्या म्हणून तिचा सत्कार ठरला, आणि शाल-श्रीफळाच्या वासानं नानांचा राग उतरला. कडक इस्त्रीत स्टेजवर बसले आणि भाषणात म्हणाले की आमच्या घरात कलेला पहिल्यापासून वाव होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आत्याला नेलं नव्हतं. घरी कोणीतरी पाहिजे होतं.

सत्काराहून आल्यावर नक्कलनं त्या फोटोंचं जाडजूड पुस्तक आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्यानं बोट ओलं करून एकेक पान उलटलं. शेवटचं पान झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

“लुगडं माहं हाये,” ती म्हणाली. “पन मी कोनत्या पानावर हाओ?”

नक्कल हसली. आत्या हसली नाही. तिनं पुस्तक मिटलं, केसांवरून हात फिरवला आणि एखाद्या पोरीनं जत्रेत पाळण्याकडे बघून म्हणावं तसं म्हणाली, “मले बसव नं एकडाव तुह्या खुर्चीत. भिताडीले लावता येईन असा काढ.”

आता इथं नक्कलचं तत्त्व आडवं आलं. मुंबईच्या मोठ्या लोकांसमोर ती सांगत आली होती की मी फक्त स्वतःचा फोटो काढते. दुसऱ्यावर कॅमेरा रोखणं म्हणजे त्याला वस्तू करणं. तत्त्व चांगलंच असावं, कारण त्यावर लोक लेख लिहीत. ती आत्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “आत्या, मी लोकांचे फोटो काढत नाही गं.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. “मी लोक हाओ का वं?”

एवढंच. मग उठली आणि चहा टाकायला गेली. पुन्हा तिनं विचारलं नाही. मी नंतर एकदा माझा मोबाईल काढला, तर तिनं हातानं तोंड झाकलं. “राहू दे बाबू. तुह्यात गाणे ऐकतात.”

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. दुपारची मागच्या खोलीत पडली होती, चहाला उठली नाही. नक्कल तेव्हा कुठं दूरच्या देशात होती. तिला तेरवीलाच पोचता येणार होतं. इकडे श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा तर फोटो हवा. आमच्या भागात माणूस मेला की आधार कार्डावरचा फोटो मोठा करतात. त्यामुळे गावातले सगळे मृतात्मे सारखेच घाबरलेले दिसतात. आत्याचा त्यात नुसता चष्मा उमटला होता. फ्लेक्सवाला म्हणाला, हा मोठा केला की फाटन. तेव्हा नानांनी पुस्तक पुढे केलं. “यातला लावा. याच्यात ती बरी दिसते.”

कोणाला फरक कळला नाही असं नाही. सगळ्यांना कळत होतं. पण नाक तेच, लुगडं तेच, बसणं तर आत्यापेक्षा आत्याचं. आणि पेपरात आलेला फोटो होता. मीही म्हटलं, छान दिसतो. मी आयुष्यात ज्या ज्या ठरावाला अनुमोदन दिलं तो असाच होता.

नक्कल हायवेवर बसमधून उतरली तर चौकात तिचाच चेहरा दहा फुटांचा, वर हार छापलेला, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. ती बॅग घेऊन तिथंच उभी राहिली. मी घ्यायला गेलो होतो. घरी आली तर हॉलमध्ये लग्नांच्या फोटोंशेजारी नवी फ्रेम, तिला झेंडूचा हार, आणि काकू तो हार ओढून काढतेय.

“जित्या लेकीच्या गळ्यात हार घालता?” काकू नानांना म्हणत होती. आख्ख्या संसारात तिचा आवाज एवढा चढलेला मी ऐकला नव्हता. नाना म्हणाले, माही बहीन हाये थे, हार राहीन. पाहुणे पत्रावळीवरून उठून दारात जमले. मग माझ्या बायकोनं शहाणपण केलं. नक्कलला म्हणाली, ताई, तुमच्याजवळ तर आत्याचे शेकडो फोटो असतील, खरा एक द्या, भांडण मिटेल.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं लॅपटॉप उघडला. खूप वेळ बोट फिरवत राहिली. मी मागून पाहत होतो. नक्कल, नक्कल, नक्कल.

“नाही माझ्याकडे,” ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं अंगणात तीन पायांवर कॅमेरा उभा केला, खुर्ची मांडली आणि म्हणाली, या, एकेक जण बसा. तत्त्वाचं काय झालं, हे मी विचारलं नाही. जमलेल्या साऱ्या म्हाताऱ्या पदर सावरत रांगेत आल्या, नानाही बसले, मीही बसलो, पाय हलू न देता. शेवटी ती काकूला न्यायला स्वयंपाकघरात गेली. “आई, चल.”

काकू भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “मले काहाले बसवतं? मी मेली की माह्या लुगड्यात बी तूच बस.”

नक्कल सकाळच्या पहिल्या बसनं गेली, ती अजून आलेली नाही. फ्रेम हॉलमध्येच आहे, हारही. काकू त्या खोलीत पाय टाकत नव्हती. मागच्या दारानं जा-ये करायची.

दोन महिन्यांनी कुरियरनं फोटोंचं पाकीट माझ्या नावानं आलं. मी गावभर वाटले. आवडला एकीलाही नाही. आपण अशा दिसतो हे त्यांना पटेना. एक म्हातारी मला म्हणाली, तिनंच बसाले पायजे होतं माह्या जागी, बरी निंगाली असती मी.

उरलेले घेऊन मी काकूकडे गेलो. ती बघणार नाही असं वाटलं होतं, पण तिनं चष्मा लावला. एकेक फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, खाली ठेवला. सगळे संपल्यावर रिकाम्या पाकिटात हात घालून चाचपलं.

“संध्याचा नाई का याच्यात?”

मी म्हटलं, आहेत की तिचे फोटो, आणि मोबाईल काढून शोधायला लागलो. नाना सापडले. शिंपीकाका सापडले. मी सापडलो. काकू वाट पाहत होती. मग ती उठली आणि कितीतरी दिवसांनी हॉलमध्ये गेली. मी मागोमाग. हाराखाली हात घालून तिनं तो बाजूला सारला, पदरानं काच पुसली आणि त्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली.

“मोबाईलमधी आता सारं होते म्हन्तात नं बाबू,” ती म्हणाली. “यातून आत्याबाईले काढता येईन का?”