मुक्कामाची गाडी

आमच्याकडे नुसतं ‘गाडी’ म्हटलं की एसटीची लाल गाडीच. बाकीच्यांना आपापली नावं आहेत, इको, रिक्षा, ट्रॅक्टर. नुसतं ‘गाडी’ म्हणवून घ्यायचा मान तिचा एकटीचा. या गाडीचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, आणि मी लिहिला नाही तर कुणी लिहिणारही नाही. शिवाय त्यातलं शेवटचं पान माझ्याच हातचं आहे, तेव्हा सुरुवातही मीच केलेली बरी.

सासूबाई सांगायच्या, त्यांच्या काळात मुरबाडहून येणारी गाडी धसईपर्यंतच यायची. पुढे आमच्या गावाला दोन तासांची चाल, डोक्यावर भाजीची पाटी आणि कडेवर पोर. मग सरकारी कामावर रस्ता निघाला. त्याची खडी सासूबाईंनी स्वतः फोडली, आणि हे त्यांनी आम्हाला आयुष्यभर विसरू दिलं नाही. रस्ता झाला तरी गाडी येईना, कारण ओहोळावर मोरी नव्हती. मोरी झाली तेव्हा दिवसातून एक फेरी सुरू झाली. मी किन्हवलीकडून लग्न होऊन आले तेव्हा दोन झाल्या होत्या. आणि माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास त्यातली संध्याकाळची मुक्कामाची झाली.

मुक्कामाची गाडी म्हणजे दिवेलागणीला येणारी, रात्री गावातच थांबणारी आणि पहाटे पावणेसहाला निघणारी. तिच्यावर सगळं गाव चालायचं. भाजीवाल्या बाया, कंपनीत पहिल्या पाळीला जाणारे बाप्ये, कॉलेजच्या पोरी. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तर म्हाताऱ्यासुद्धा उगाच मुरबाडला जाऊन चहा पिऊन यायला लागल्या.

आमच्या गावाचे दोन पाडे, मधून ओहोळ. वरचा आमचा, खालचा त्यांचा. एकाच कुळातले, एकाच देवाचे, आणि म्हणूनच एकमेकांची तोंडं न बघणारे. गाडी खालच्या पाड्यात, शाळेच्या अंगणात थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं रात्रीचं जेवण गावाने करायचं अशी पद्धत पडली होती. डेपोने कधी मागितलं नव्हतं, पण गावात आलेला माणूस उपाशी निजला तर अब्रू जाते. खालच्या पाड्यात घरटी पाळी लागलेली. जावयाला मिळत नसेल असं ताट त्या दोघांना मिळायचं. गाडी ज्यांच्या दारात, जेवण त्यांचं आणि मानही त्यांचा. आम्ही वरचे लोक पहाटे ओहोळ ओलांडून जायचो आणि मनातल्या मनात जळायचो.

मग आमच्या पाड्यापर्यंत काँक्रीटचा रस्ता झाला, आणि त्याच पावसाळ्यात नवा ड्रायव्हर आला. एका संध्याकाळी शाळेच्या अंगणात चिखल झाला होता, म्हणून त्याने गाडी सरळ आमच्याकडे वर आणली. अख्खा पाडा गोळा झाला. एवढा आनंद आम्हाला रस्ता झाला तेव्हाही झाला नव्हता. मी स्वतः तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या, सुक्या बोंबलाची चटणी केली आणि त्या दोघांना आग्रह करकरून वाढलं.

तिकडे ज्या घराची पाळी होती त्यांनी कोंबडा कापला होता. त्या घरची म्हातारी ओहोळाच्या काठावर येऊन ओरडली, “आमचा कोंबडा काय कुत्र्याला घालायचा का गो?”

आमच्यातला एकजण म्हणाला, “घाला! कुत्रा तरी तुमच्यात थांबल!”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

ते हसणं खालच्या पाड्याला झोंबलं. आठ दिवसांत त्यांनी डेपोत अर्ज दिला की गाडी ठरलेल्या जागीच थांबली पाहिजे. ही बातमी लागताच आमचे चार बाप्ये माझ्याकडे आले. मी अंगणवाडी चालवते. गावातला कुठलाही अर्ज असो, दाखला, विहीर, रेशन, तो माझ्याच हातून जातो.

“बाय, असा लिव का सायबाला घाम फुटला पायजे.”

मी लिहायला बसले. बाजूला माझी मुलगी कॉलेजच्या जर्नलात आकृती काढत होती. ती तेव्हा सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती. तिला पुढे रक्त तपासायचं शिक्षण घेऊन आमच्या भागात छोटीशी लॅब टाकायची होती, कारण आमच्या माणसांना साध्या तपासणीसाठीही अख्ख्या दिवसाची मजुरी बुडवावी लागते. हे तिने नववीतच ठरवलं होतं, आणि मी येईल-जाईल त्याला सांगत सुटायचे. मुरबाडच्या कॉलेजात तिचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला असायचं. पावणेसहाची गाडी गाठली तरच ते मिळायचं.

अर्ज छान जमला. शेवट मात्र मला मिळमिळीत वाटला, म्हणून एक वाक्य वाढवलं: ‘सदर गाडी वरच्या पाड्यात मुक्कामी ठेवणे शक्य नसल्यास ती बंद करण्यास आमची हरकत नाही.’ वाचून दाखवलं तर एकाने मांडीवर थाप मारली. दुसरा म्हणाला, “हा लागला बाण.” मी फुगले. मुलीने मान वर केली नाही, तिची आकृती अर्धी राहिली होती.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आता यात वाईट वाटून घ्यायला हवं होतं की नाही? आम्हाला वाटलं, खालच्यांची जिरली. त्यांना वाटलं, आमची जिरली. तीन-चार दिवस दोन्ही पाडे एकमेकांकडे बघून गालात हसत होते. मग कुणीतरी धसईच्या बाजारातून बातमी आणली की मुक्कामाची गाडी कायमची बंद झाली. आता दुपारची एक फेरी तेवढी राहिली, तीही आली तर आली.

शेअरची इको भरल्याशिवाय निघत नाही, आणि ती आठच्या आत कधी भरत नाही. महिनाभर माझा नवरा मुलीला पहाटे पायी धसईपर्यंत, तिथल्या मुरबाडच्या गाडीला सोडून यायचा. आमच्याकडे बिबट्या फिरतो, एकटीला कोण पाठवणार? पण मग त्याला कामावर जायला उशीर व्हायला लागला आणि मुकादमाने एक दिवस त्याला परतच पाठवलं. त्यानंतर ती इकोने जायची आणि पोचेपर्यंत प्रॅक्टिकल संपलेलं असायचं. मॅडमनी दोनदा समजून घेतलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, हजेरी भरत नाही, परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं.

मी म्हटलं, रडून काय होतंय, परत अर्ज करू. लिहिला, आणि मुलीलाही सोबत घेऊन डेपोत गेले. शिकलेली पोर समोर उभी असली की साहेबाला दया येते असा माझा हिशेब होता. टेबलामागचा माणूस तसा सभ्य होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, अर्ज वाचला, आणि उठून कपाटातून एक फाईल काढली. आत दोन कागद एकाच टाचणीने टोचलेले होते, वर खालच्या पाड्याचा, खाली आमचा.

“ताई, बंद करा म्हणून तुमीच लिहून दिलंय ना?” तो म्हणाला आणि दोन्ही कागदांचा शेवट वाचून दाखवला. खालच्या पाड्यानेही तेच लिहिलं होतं, आमच्याकडे ठेवा नाहीतर बंद करा. फक्त त्यांचं मराठी माझ्यापेक्षा वाईट होतं. “आमच्याकडं आधीच माणसं कमी, गाड्या कमी. दोघांचीही हरकत नाय म्हटल्यावर आमी ती गाडी दुसऱ्या गावाला दिली. आता त्यांच्याकडनं काढून घ्यायची तर ते भांडायला येतील.”

मुलीने हात पुढे करून फाईल घेतली. माझं अक्षर ती बालवाडीपासून ओळखते. तिने ते वाक्य वाचलं, फाईल त्याला परत दिली आणि “थँक्यू सर” म्हणाली.

परतीच्या इकोत आम्ही मागच्या सीटवर बसलो. गाडी भरायला अजून चार माणसं हवी होती. तिने विचारलं, “आये, हा अर्ज लिहिलास तेव्हा मी बाजूलाच बसलेली ना?”

“हो.”

“तेव्हा मी नाय आठवली तुला?”

खोटं बोलता आलं असतं. मी रागात होते, सगळ्यांनी भरीला घातलं, खरंच बंद करतील असं वाटलं नव्हतं, यातलं काहीही तिला पटलं असतं, कारण तिला ते पटवून घ्यायचंच होतं. पण सजवून लिहायचं ते मी तोपर्यंत पुष्कळ लिहून बसले होते.

“नाय,” मी म्हटलं. “खालच्या पाड्याची तोंडं कशी होतील तेवढंच मनात होतं.”

तिने मान हलवली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त ड्रायव्हरला विचारलं, अजून किती माणसं पायजेत.

त्यानंतर तिने घरात कॉलेजचा विषय काढला नाही. मी दोनदा काढून बघितला, तर ती उठून पाणी भरायला गेली. टेकडीपलीकडे मुंबईवाल्यांचे सुट्टीचे बंगले झालेत. शेजारची वहिनी तिथे कामाला जाते. एका सोमवारी माझी मुलगीही तिच्यासोबत गेली, आणि तेव्हापासून रोज जाते. फरशा पुसायच्या, चादरी बदलायच्या, पाहुणे गेले की बाटल्या गोळा करायच्या. मी विचारलं, हे काम कशाला धरलंस?

ती म्हणाली, “तिथं चालत जाता येतं.”